कावेरीअक्कांची गणती

कावेरीअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या भाषणाला ताल देत होत्या. निदान माझा तरी तसा समज झाला.

मैलापूरमधल्या आमच्या मराठी मंडळाचा मी नुकताच चिटणीस झालो होतो आणि ते माझं चिटणीस म्हणून पहिलं भाषण होतं. मैलापूर हा गाण्याच्या सभांचा भाग. तिथले जाणकार श्रोते मांडीवर बोटं मोजत ताल धरतात, हे मी ऐकून होतो. तिसऱ्या रांगेत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आणि उजव्या हाताचं बोट एका लयीत हलतंय. माझ्या गद्यालाही लय आहे हे ओळखणारं माणूस चेन्नईत भेटेल असं वाटलं नव्हतं. मी भाषण दहा मिनिटं लांबवलं.

कार्यक्रम संपल्यावर मी शक्य तेवढा नम्र चेहरा करून त्यांच्याजवळ गेलो आणि भाषण आवडलेलं दिसतंय, असं म्हणालो.

"भाषण ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "मोजत होते. खाली एकोणसत्तर बायका, चौपन्न पुरुष. मंचावर नऊ पुरुष, बाई एकही नाही. फुलं द्यायला एक वर आली होती, ती देऊन उतरली. तिला धरायचं का नाही, ते तुम्ही सांगा, चिटणीस."

मी म्हटलं, धरू या की. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि "सेरि" म्हणून त्या चपला शोधायला गेल्या. सेरि म्हणजे बरं. पण ते इतक्या प्रकारे म्हणता येतं, हे मला पुढच्या चार वर्षांत कळलं.

अक्का तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज मराठी राजांबरोबर दक्षिणेत आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यांची मराठीही त्यांच्याबरोबर तिथेच राहिली. त्या बोलू लागल्या की एखादी बखर कोणीतरी तामीळ बातम्यांच्या चालीवर वाचतंय असं वाटे. सुरुवातीला मी त्यांची मराठी सुधारायला गेलो. त्या "मज वाटतं" म्हणाल्या, तेव्हा मी प्रेमाने सांगितलं की अक्का, आता सगळे 'मला' म्हणतात. त्यांनी विचारलं, "किती जण?"

हे "किती?" म्हणजे अक्का. जनगणनेच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती. लग्न केलं नव्हतं. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, दोन खोल्यांत एकट्या राहत. समोरच्याने "खूप", "बरेच", "फार पूर्वीपासून" असं काही म्हटलं की अक्का मान तिरपी करून "किती?" विचारत आणि उत्तराची वाट पाहत. ही वाट पाहणं फार वाईट असे. मंडळाचे अध्यक्ष निंबाळकरसाहेब, रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, भारदस्त गृहस्थ. ते एकदा म्हणाले, आपल्या मंडळात स्त्रियांना फार मान आहे. अक्का म्हणाल्या, "किती?" साहेबांनी चष्मा पुसायला काढला आणि तो पुढच्या विषयापर्यंत पुसला.

अक्कांचा खरा छंद मात्र जगातल्या संसदांचा. कोणत्या देशाच्या संसदेत किती स्त्रिया आहेत, याची यादी एक आंतरराष्ट्रीय संघटना काढत असते. अक्का दर महिन्याला तळ्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून ती छापून आणत आणि एका लांबट वहीत उतरवत. देशाचं नाव शाईने, आकडा पेन्सिलीने. देश सहसा राहतो, आकडा बदलतो, म्हणून. मग त्या याच मापाने चेन्नई मोजत. लग्नात एखादी पंगत पाहून म्हणत, "नेपाळ." म्हणजे तिघांत एक. आपला देश म्हणजे सातांत जेमतेम एक. आणि रवांडा म्हणजे निम्म्याहून जास्त. "रवांडा" हा शब्द त्या आमच्याकडची जुनी माणसं "काशी" म्हणतात तसा उच्चारत.

आमच्या मंडळाची कार्यकारिणी अकरा जणांची. त्यात एक महिला प्रतिनिधी, हळदीकुंकू आणि रांगोळीपुरती. ती सभेला आली तर चहाचं बघायला आत जाई, म्हणून मंचावर कोणाला दिसत नसे. अक्कांच्या वहीत आम्ही भारताच्याही खाली होतो. आणि निवडणूक अशी कधी झालीच नव्हती. निंबाळकरसाहेबांच्या घरी पोहे खाता खाता यादी तयार व्हायची, सभेत वाचली जायची, लोक टाळ्या वाजवायचे. मीही तसाच चिटणीस झालो होतो. मतदान झालंच असतं तरी फरक पडला नसता. मंडळाच्या घटनेत सभासदत्व कौटुंबिक होतं. एका कुटुंबाला एक मत, आणि ते कुटुंबप्रमुखाचं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी रेल्वे आणि बँकांतल्या मंडळींनी ते लिहिलं होतं आणि अर्जावरच्या कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात आपापली नावं घातली होती. मतदार यादीत बायका चार. तीन विधवा आणि अक्का.

दिल्लीत लोकसभेच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांना देणारा कायदा झाला, तेव्हा अक्कांनी रव्याची केसरी केली आणि मला बोलावलं. मी पोचलो तोवर त्यांनी पेपरातली बातमी शेवटपर्यंत वाचली होती. आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग जागा. केसरी झाकून ठेवलेली होती.

"मी गणतीत चौतीस वर्षं काढली," त्या म्हणाल्या. "गणती झाली की सगळं होतं, हे मज कोणी सांगू नये."

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. एकदाच सांगितली. आईने मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य चाळीस वर्षं रांधला. वडील गेले आणि कुटुंबप्रमुख म्हणून अक्कांच्या दिल्लीतल्या भावाचं नाव लागलं, कारण तो मुलगा. पुढच्या वर्षी गणपतीची पत्रिका दिल्लीला गेली. आई सकाळी अंघोळ करून, पदर खोचून दारात बसली होती. बोलावणं आलं नाही. ती गेली नाही. पुढे तिने तो विषयच काढला नाही.

"आई घरात होती, यादीत नव्हती," अक्का म्हणाल्या. "दिल्लीचं मज बघायला मिळेलसं वाटत नाही, चिटणीस. हे मैलापूरचं तरी डोळ्यांनी बघून जाते."

मला गलबलून आलं. मी केसरीवरचं झाकण काढलं, दोन वाट्या खाल्ल्या आणि त्यांना शब्द दिला की मंडळात मी स्वतः लक्ष घालीन. घातलं. ते कसं, हे सांगताना आजही मला माझ्या हुशारीचं आश्चर्य वाटतं.

आधी महिला दिन झाला. मी 'जगाच्या संसदांतली स्त्री' असा परिसंवाद ठेवला. वक्ते पाच, पाचही पुरुष. बोलू शकणाऱ्या बायका मागे साबुदाणावडे तळत होत्या, त्याला माझा इलाज नव्हता. आकडे मी अक्कांच्या वहीतून उतरवून घेतले होते. शेवटी सभा जरा हलकी करावी म्हणून म्हणालो, की संसदेचं काही असो, घराघरांत आपल्याकडे कधीचं रवांडा आहे, आमच्या घरात सगळी सत्ता हिचीच, मी फक्त हात वर करतो. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. निंबाळकरसाहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "आमच्याकडेही तेच हो!" आणखी सात-आठ जणांनी तसंच काहीतरी म्हटलं. अक्कांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. विनोद आवडला असावा, असं मला वाटलं.

पुढच्याच महिन्यात त्यांचा ठराव आला. घरातल्या प्रत्येक प्रौढाला मत आणि कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना. निंबाळकरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, कुलकर्णी, नाही म्हणायचं नाही आणि हो पण व्हायला नको, असं काहीतरी लिहा. मी अंबत्तूरला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासतो. असं लिहिण्याची मला सवय आहे. तरी या खेपेला मी दिल्लीकडूनच घेतलं. ठराव तत्त्वतः मान्य. अंमलबजावणी सभासद कुटुंबांची गणना आणि मंडळाच्या विभागांची फेररचना पूर्ण झाल्यावर. सर्वसाधारण सभेत तो एकमताने मंजूर झाला. बायकांनीही टाळ्या वाजवल्या.

अक्का उभ्या राहिल्या. "गणती कोण करणार?"

आणि मी, चिटणीस, सगळ्यांच्या देखत, हसत म्हणालो, "अक्का, तुमच्याहून योग्य कोण? लागेल तेवढा वेळ घ्या."

माझा हिशेब सरळ होता. कुटुंबं तीनशेच्या वर, अड्यारपासून अंबत्तूरपर्यंत विखुरलेली. अक्कांचं वय शहात्तर, गुडघे त्याहून जुने. चौतीस वर्षं गणती केलेल्या बाईच्या हातात मी गणती देत होतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि इथल्या साध्या टाऊन बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, हे मला माहीत होतं, पण कारखान्याच्या गाडीतून जाणाऱ्या माणसाला असली गोष्ट वेळेवर आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या बसस्टॉपवर होत्या.

चार महिने अक्का फिरल्या. काखेत पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर फॉर्म, कानामागे पेन्सिल. उन्हात छत्री. एका घरात कोणी नसेल तर पुन्हा जायचं, तिसऱ्यांदा जायचं. आमच्याकडे त्या एका रविवारी आल्या. माझी बायको मृणाल आयटी कंपनीत आहे, रविवारी सुद्धा तिचं काही ना काही चालू असतं. पण अक्का आल्या म्हणून तिने लॅपटॉप मिटला. ती माझ्यासाठी मिटत नाही. अक्कांनी विचारलं, घरात मोठी माणसं किती, मंडळाची पत्रिका कोण वाचतं, गणपतीच्या कामाला कोण जातं. मग विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?"

मृणाल हसली आणि माझ्याकडे पाहायला लागली. आमची आठवीतली मुलगी आतून म्हणाली, "अम्मा दान." म्हणजे आईच. तिला मराठीपेक्षा तामीळ लवकर सुचतं. पाहुणीसमोर आपण खेळकर दिसावं म्हणून मीही म्हणालो, "हीच हो अक्का, आमचं काय चालतंय घरात!"

अक्कांनी लिहिलं. फॉर्म माझ्यापुढे धरला. "सही करा. घरातल्या सगळ्या प्रौढांची लागते."

मी विचारलं, हे असं कसं लिहिता, प्रमुख तर अर्जावर मी आहे. त्या म्हणाल्या, "गणतीचा नियम आहे. प्रमुख कोण ते गणती करणारा ठरवत नाही, सरकार ठरवत नाही. घरातली माणसं ज्याला मानतात तो. तुम्ही हिला मानता, म्हणालात. महिला दिनाला पण म्हणाला होतात. खोटं होतं काय?"

मृणाल अजून माझ्याकडेच पाहत होती. मी सही केली. कॉफी गार झाली होती, तरी चांगली झाली आहे असं म्हणालो.

चौथ्या महिन्याच्या शेवटी निंबाळकरसाहेबांच्या घरी कार्यकारिणीची सभा होती. अक्का दोन गठ्ठे घेऊन आल्या आणि गणती पूर्ण झाली म्हणाल्या. साहेबांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. मग घसा साफ करून म्हणाले, की गणना झाली हे उत्तमच, पण ठरावाप्रमाणे विभागांची फेररचना बाकी आहे, तिला दोन-तीन वर्षं सहज लागतील.

"सेरि," अक्का म्हणाल्या. "फेररचना तुम्ही सावकाश करा. मज घटनेत काही बदलायचं नाही. घटना म्हणते, मत कुटुंबप्रमुखाचं. कुटुंबप्रमुख कोण, ते यांत आहे." त्यांनी एका गठ्ठ्यावर हात ठेवला. "या घरांत बाई. हा गठ्ठा मोठा आहे."

आम्ही फॉर्म चाळू लागलो. प्रत्येक घरात तोच विनोद झाला होता. आमच्याकडे सत्ता हिचीच. आम्ही नावाला. विचारा गृहमंत्र्यांना. आणि प्रत्येक विनोदाखाली नवऱ्याची सही होती, तारखेसकट. वरून पाचवा फॉर्म निंबाळकरसाहेबांचा होता.

साहेब म्हणाले, "अहो, ते आपलं गमतीने म्हटलं होतं."

नेमक्या तेव्हा निंबाळकरवहिनी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. "काय गमतीने?" त्यांनी विचारलं. त्यांनी बशा ठेवल्या, फॉर्म उचलला, हात लांब करून वाचला. "सही तर तुमचीच आहे," त्या म्हणाल्या. "गमतीने केलीत का?"

दहा पुरुष होते खोलीत, आणि घरी जाऊन 'मी खोटं बोललो होतो, प्रमुख मीच' असं बायकोला सांगण्याची तयारी एकाचीही नव्हती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मतदार यादी सुधारून घ्या, कुलकर्णी."

घेतली. मग त्या यादीने मंडळाच्या इतिहासातली पहिली निवडणूक झाली. उमेदवारांची नावं सूचनाफलकासाठी मीच टाइप करत होतो. चिटणीसपदासाठी माझ्या नावाखाली मृणाल कुलकर्णी हे नाव आलं, तेव्हा योगायोग वाटला. पत्ता टाइप करताना लक्षात आलं. घरी विचारलं तर ती म्हणाली, "तुला सांगणारच होते, पण तू सूचना टाइप करत होतास."

एका घरात दोन उमेदवार आणि मत एक. ते तिचं. मी स्वतःला मत देऊ शकत नव्हतो. मतदानाच्या दिवशी हॉलबाहेर उभा राहून मी तिची पर्स धरली. संध्याकाळी निकाल लागला. मी एका मताने पडलो. परतताना मी तिला फार सहज आवाजात विचारलं, की तुझं मत कोणाला दिलंस. तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "मतदान गुप्त असतं."

त्या दिवशी नवी कार्यकारिणी मंचावर बसली तेव्हा अक्का तिसऱ्या रांगेत होत्या. बोट हललं. सहा बायका, पाच पुरुष. पुन्हा एकदा हललं. मग तिसऱ्यांदा. चौतीस वर्षांत त्यांनी कोणतीही गोष्ट तीनदा मोजली नसावी. मग त्यांनी पदर सारखा केला आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या, आईसारख्या, फक्त बोलावणं येऊन पोचल्यावर बसावं तशा.

जाताना मृणालला म्हणाल्या, "चिटणीस, पुढली पत्रिका सगळ्यांच्या नावे काढा. मोठ्या अक्षरांत." आणि माझ्याकडे वळून, "तू बस थांबव पा." पा म्हणजे बाबा रे. चार वर्षं मी 'चिटणीस, तुम्ही' होतो. पद गेलं आणि मी एकदम त्यांच्या घरातला झालो.

नंतर मी अधूनमधून त्यांच्याकडे जात असे. त्यांचे गुडघे त्या चार महिन्यांनंतर परत पूर्वीसारखे झाले नाहीत. यादी आणायला झेरॉक्सच्या दुकानात मी जाऊ लागलो. एकदा वही उघडी होती. रवांडाच्या जवळच, दोन देशांच्या मध्ये, शाईने लिहिलं होतं: मैलापूर. पुढे आकडा, पेन्सिलीने. मी म्हटलं, अक्का, हा तरी आता शाईने लिहा. झालं ना एकदा.

"चढलेला आकडा उतरतो पण, रे," त्या म्हणाल्या. "शाईने लिहिलं की माणूस बघणं सोडतो."

पोंगलनंतर थोड्याच दिवसांत अक्का गेल्या. दुपारी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच. शेजारच्या मामींनी मृणालला फोन केला, मला नाही. चिटणीस ती होती. भाचा कोइंबतूरहून येईपर्यंत आम्ही दोघं तिथे बसलो होतो. वही टेबलावर होती. भाच्याने विचारलं, हिचं काय करायचं, आणि मी न विचारता ती पिशवीत घातली.

शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. मृणालने भाषण केलं. लांबलं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. घरी येताना तिने विचारलं, "मी बोलत होते तेव्हा तुझं बोट हलत होतं. ताल देत होतास की काय?"

"मोजत होतो," मी म्हणालो.

"किती?"

"मंचावर पाच बायका. कार्यकारिणीतल्या देशपांडेबाईंची पुण्याला बदली झाली. त्यांच्या जागी बाई न घेता तू भागवतांना घेतलंस. तात्पुरतं म्हणून."

घरात शिरल्यावर मृणालने लॅपटॉप उघडला नाही. अक्कांची वही मागितली, मैलापूरचं पान काढलं, सहाचा आकडा रबराने हळूच खोडला आणि तिथे पाच लिहिला. मग पेन्सिल कानामागे खोचून तिने त्या जागेसाठी निंबाळकरवहिनींना फोन लावला.